तिसरा हात

सातव्या दिवसाची भेट होती. पहिलटकरणीचा मुलगा, जन्माचं वजन २ किलो ३०० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी मी जाऊन आले तेव्हा चांगला ओढून पीत होता. या वेळी दारातच पोरीची आई म्हणाली, "ताई, कालपासून लेकरू पाजायला घेतलं की तोंड फिरवतंय. नुसतं निजूनच ऱ्हातंय." मी हात धुतले, कोरडे केले, दुपटं उलगडलं. बेंबीभोवती लाल कडं उठलेलं, नाळेच्या बुडाशी पिवळट ओल. अंग तापलेलं, तळपाय मात्र गार. घड्याळ लावून श्वास मोजले, मिनिटाला ६८. साठ किंवा त्याच्यावर आले तर पुन्हा मोजायचे, असं आम्हाला शिकवलंय. पुन्हा मोजले, ६६. मी १०८ ला फोन लावला.

गाडीत पोरगी माझ्याशेजारी बसली होती, बाळ तिच्या छातीशी. अर्ध्या वाटेवर तिनं विचारलं, "ताई, माझं काय चुकलं?" तिच्या हातांकडं माझं लक्ष गेलं. हातभर हिरवा चुडा, नखांच्या कडांना काजळ, आणि अंगठ्याच्या पेरावर सुकलेली हळद. तिसऱ्या दिवशीच्या भेटीनंतर माझ्या वहीत मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं : 'आईला हात धुण्याविषयी सांगितले.' सांगितलं होतं हे खरं होतं. तिनं मानही डोलावली होती. मी तिला काहीच उत्तर दिलं नाही, कारण तिचं काही चुकलं नव्हतं आणि माझं काय चुकलं ते मला अजून कळायचं होतं.

ही २०१४ च्या डिसेंबरातली गोष्ट. मी बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातली आशा कार्यकर्ती. २०११ साली नवजात बाळाच्या घरी जाऊन तपासणी करण्याचा कार्यक्रम सरकारनं देशभर सुरू केला, तेव्हापासून या भेटी करते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा ६ भेटी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून ७. ही पद्धत उभी राहिली ती आपल्याच गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून त्यांच्याकडून घरोघरी बाळांची काळजी घेतली, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये जगापुढं मांडलं. प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा मला फार बळ आलं होतं. गावातल्या थोडंफार शिकलेल्या बायकांनी हे केलं, मग आपण का नाही? पिशवीत वजनकाटा, झोळी, थर्मामीटर, घड्याळ, साबणाची डबी घेऊन मी निघाले. साबण आधी माझ्या हातांसाठी आणि मग बाकीच्यांना दाखवण्यासाठी. मी दाखवायची. बायका बघायच्या. मी वहीत लिहायची.

बाळ जिल्ह्याच्या ठिकाणी नवजात बाळांच्या विशेष कक्षात होतं, तेव्हा मी मुद्दाम त्या घरी परत गेले. भेटीचा दिवस नव्हता, कागदावर काही लिहायचं नव्हतं. आजी एकटीच होती, पोरीच्या आईची आई. बाळंतिणीची खोली बघू का, म्हणून विचारलं.

आमच्याकडच्या बाळंतिणीच्या खोलीसारखीच खोली. खिडकीला पोतं लावलेलं. बाजेखाली शेकाची शेगडी. कोपऱ्यात ओवा-बाळंतशेपाच्या धुरीचा वास मुरलेला. बाजेच्या उशाला गुटीची सहाण, तेलाची वाटी, काजळाची डबी, लंगोटांचं गाठोडं. पाणी कुठंच नव्हतं. प्यायच्या पाण्याचा तांब्या होता, पण तो प्यायचा. हात धुवायचं पाणी अंगणापलीकडं न्हाणीत, साबणाची वडी तिथंच भिंतीच्या कोनाड्यात. मी पावलं मोजली, ३४ भरली. डिसेंबरातली रात्र, नऊ टाके पडलेली पोरगी, आणि न्हाणीतलं बर्फासारखं पाणी.

"आजी, रात्री ती लंगोट बदलते तेव्हा हात कुठं धुते?"

आजीनं माझ्याकडं असं बघितलं जसं मी काही भलतंच विचारलंय. "बाळंतिणीनं गार पाण्यात हात घालायचा व्हय? हाडं कच्ची असत्यात तिची. वारं शिरलं म्हंजी म्हातारपणी बोटं वाकडी." आणि स्वतःचे हात पुढं केले. गाठी आलेली, वळलेली बोटं. "ही बघ माझी. चौथ्या दिवशी नदीवर धुणं धुवाया लावलं व्हतं मला."

त्या हातांपुढं मी काय बोलणार होते? तिनं जे भोगलं ते नातीला भोगायला लागू नये, एवढाच तिचा आग्रह होता. आणि मी त्या नातीला सांगून गेले होते की दिवसातून दहा वेळा हात धू. म्हणजे खरं तर मी तिला सांगितलं होतं, आजीचं मोडून, अंधारात, थंडीत, टाक्यांनिशी ३४ पावलं चाल, जड चुडा सावरत एका हातानं तांब्या ओत आणि दुसरा हात कसाबसा ओला करून ये. दोन्ही हात एकमेकांवर चोळायचे तर पाणी घालायला तिसरा हात लागतो. तो कुणाचा, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

बाळंतिणीचे हात दिवसभरात काय काय करतात ते लोकांनी एकदा बघावं. लंगोट बदलतात. शी पुसतात. पदरानं बाळाचं तोंड टिपतात. स्वतःचं पॅड नाहीतर कापड बदलतात, आणि हे कुणी मोठ्यानं बोलत नाही म्हणून त्यानंतरच्या हात धुण्याविषयीही कुणी बोलत नाही. बाळंतपणानंतर महिनाभर अंगावरून जात असतं, त्या कापडाचा हात आणि स्तनाचं अग्र बाळाच्या तोंडात देणारा हात एकच. बाळाची नाळ गळून पडेपर्यंत बेंबी म्हणजे उघडी जखम. आम्हाला पुढं एका प्रशिक्षणात सांगितलं होतं, नेपाळच्या दक्षिण भागात २३ हजारांहून जास्त बाळांची माहिती गोळा केली होती. ज्या आया बाळाला घेण्याआधी हात धूत होत्या त्यांच्या बाळांमध्ये मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला. २००८ साली ते छापून आलं. सुईणीनं बाळंतपणाआधी हात धुतल्याचाही उपयोग दिसला होता, पण त्याहून मोठा फरक आईच्या हातांचा होता. मला त्यात नवल वाटलं नाही. सुईण तासा-दोन तासांची, आई रात्रंदिवसाची.

बाळ अकराव्या दिवशी घरी आलं. पीत होतं, रडत होतं. त्या मुलाच्या आजारात जंतू कुणाच्या हातानं गेले हे कुणीच सांगू शकत नाही. आजी बेंबीला तेल-हळद लावत होती, काजळ पोरीची आई घालत होती, बघायला येणारे तर मोजायलाच नकोत. मी कुणावर बोट ठेवलं नाही, आणि ठेवू नये असंच मला आजही वाटतं. एकदा का घरातल्या म्हातारीला वाटलं की ही बाई आपल्यामुळं लेकरू आजारी पडलं म्हणते, की ते दार कायमचं बंद झालं.

पोरीचा मात्र पालट झाला होता. तिथल्या कक्षात शिरायचं तर दारात चपला काढायच्या, बांगड्या काढायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे, सिस्टर उभी राहून बघायची. "धुतल्याशिवाय बाळाला हात लावू देत नव्हत्या ताई, पाजायलासुद्धा." तिला सगळ्या पायऱ्या पाठ झाल्या होत्या. आम्ही त्या 'सुमन-के' म्हणून शिकवतो, हिंदी शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून. तळवे, तळहाताची मागची बाजू, मुठी, अंगठे, नखं, मनगटं. पण इथं घरी? ती हळूच म्हणाली, "आजी उठू देत नाही."

तेव्हा माझं लक्ष शेगडीकडं गेलं. रोज सकाळ-संध्याकाळ जिच्यावर शेक चालतो ती शेगडी बाजेपासून हातभर अंतरावर होती. मी आजीला विचारलं, "गार पाणी नको ना? मग गरम चालंल का? शेगडी हायेच, तिच्यावर पातेलं ठेवू." आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गरम चालंल. शेकच त्यो."

मांडामांड करायला पाव तास लागला नसेल. एक घमेलं बाजेखाली सरकवलं. शेगडीवर पाण्याचं पातेलं, त्यात तांब्या बुडवून कोमट करून घ्यायचं. साबणाची १० रुपयांची वडी मी दोऱ्यानं मधोमध कापली, ताणलेला दोरा सरळ चीर पाडतो. अर्धी वडी न्हाणीत राहू दिली, अर्धी जुन्या ओढणीच्या जाळीदार तुकड्यात बांधून बाजेच्या खुराला टांगली. ही फक्त बाळाच्या खोलीची, घरातल्या पुरुषमाणसानं शेतातनं येऊन हिला हात लावायचा नाही. चुडा काढायला आजीचा नकार होता, अशुभ म्हणून. मग बांगड्या कोपराकडं सरकवून रुमालानं बांधल्या.

"आता पाणी घाला आजी."

"मी?"

"मग कोण? तिला तर उठायचं नाही."

ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. बाजेच्या काठावर बसलेली पोरगी, दोन्ही हात घमेल्यावर धरलेले. आजी उकिडवी बसून वाकड्या बोटांनी तांब्या तोलत, बारीक धार सोडत. पहिलं पाणी पडलं ते पिवळं, तेलकट. साबण लागला तसं करडं झालं. नखांच्या कडा पोरीनं तळव्यावर घासल्या तेव्हा काजळाचा काळा फेस उतरला. आजीनं घमेल्यात वाकून बघितलं. "येवढं व्हतं?" एवढंच म्हणाली आणि मी न सांगता दुसरा तांब्या भरला. मग घमेलं बाहेर ओतून आली, तांब्या पोरीच्या हातात दिला आणि स्वतःचे हात पुढं केले.

पदराला हात पुसू नका, एवढं मला तेव्हा सांगावं लागलं. हवेतच वाळवा नाहीतर रोज धुतलेलं फडकं ठेवा. धुतलेला हात पदराला पुसला की केलेलं सगळं वाया जातं, कारण पदरानं चूलही पुसली जाते आणि नाकही.

किती वेळ चोळायचं हा प्रश्न होताच. घड्याळाचा काटा कोण बघणार? त्या आजीला जात्यावरच्या कितीतरी ओव्या येत होत्या. मी म्हटलं, तुम्ही दोन ओव्या म्हणा, त्या संपेपर्यंत तिनं चोळायचं. पुढं मी ही युक्ती बऱ्याच घरांत वापरली. जिथं आजी नव्हती तिथं गौळण चालली, अंगाई चालली.

आजीशी माझं पुढं चांगलं जमलं. एकदा मी तिला प्रशिक्षणातल्या डॉक्टरांनी सांगितलेली व्हिएन्नाची हकिकत सांगितली. तिथल्या मोठ्या दवाखान्यात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि शिकाऊ डॉक्टर बाळंतपणं करायचे, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात बायका तापानं जास्त मरायच्या. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरच्या ध्यानात आलं की हे लोक मढी चिरून तसेच बाळंतिणीकडं येतात. १८४७ साली त्यानं सगळ्यांना क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि मरणं झपाट्यानं उतरली. तरी त्याच्याच लोकांनी त्याचं ऐकलं नाही. आजी ऐकत होती. मग म्हणाली, "माझी जाऊ अशीच गेली. सातव्या दिशी. अंगात ताप, बडबडायची. आमी म्हनलं बाधा झाली." थोड्या वेळानं विचारलं, "त्यो डाक्टर म्हनला तसं असंल का गं तिचं?" मी म्हटलं, असेल आजी, सांगता नाही यायचं. ती उठून पाणी तापवायला गेली.

आमच्यातली एक आशा बायकांना सांगायची की सोयर असतं, सव्वा महिना बाळंतीण देवाला शिवत नाही, तसंच न धुतल्या हातानं बाळाला शिवायचं नाही. लोक पटकन ऐकायचे. बैठकीत तिनं ते अभिमानानं सांगितलं आणि दोघींनी लगेच उचललं. मला ते पटलं नाही आणि मी तसं बोललेही. ज्या सोयरापायी पोरीला अंधाऱ्या खोलीत टाकतात, वेगळं ताट देतात, खिडकीला पोतं लावतात, त्याच सोयराला आपण बळ द्यायचं? आज हात धुतील, पण उद्या बाळ दवाखान्यात न्यायचं म्हटलं की हेच म्हणतील, सोयरात घराबाहेर कशी न्यायची. ती आशा माझ्यावर महिनाभर रुसली होती. माझं मत अजून तेच आहे.

गुटीपुढं मात्र मी पूर्ण जिंकू शकले नाही. ६ महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, हे मी प्रत्येक घरी सांगते. काही घरं ऐकतात. काही घरं माझ्यापुढं हो म्हणतात आणि पाठ फिरली की सहाण काढतात. अशा एका घरी मी शेवटी म्हटलं, देणारच असाल तर निदान सहाण उकळत्या पाण्यानं धुवा, बोट साबणानं धुवा. आरोग्यसेविका ताई माझ्यावर रागावल्या, तू गुटीला परवानगी दिलीस म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. पण त्या घरातलं बोट त्या दिवसापासून धुतलं जाऊ लागलं हेही खरं, आणि दोन महिन्यांनी त्याच घरातल्या सासूनं गुटी आपणहून बंद केली.

आणि नोटा. आमच्याकडं बाळाला पहिल्यांदा बघायला आलेला माणूस बाळाच्या मुठीत नोट देतो. तान्ह्या बाळाच्या तळव्याला काही टेकलं की ते मूठ आवळतं, सगळ्यांना कौतुक वाटतं, "बघा कसं धरलंय." थोड्याच वेळात ती मूठ तोंडात. बाजार, दारूचं दुकान, खाटीक, एसटी असा प्रवास करून आलेली ती नोट. मी आता तिसऱ्या दिवशीच सांगते, नोट उशीखाली ठेवायची. कुणाचा मान मोडत नाही, पैसेही सुरक्षित राहतात. हे सगळ्यात लवकर पटतं.

२०१६ चा उन्हाळा सगळ्यात अवघड गेला. त्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. आमच्याकडं टँकर, आणि टँकरवर भांडणं. मी हात धुवा म्हटलं की बायका माझ्या तोंडाकडं बघायच्या. एकीनं सरळ विचारलं, "दोन हंड्यांत सात माणसं आन दोन शेरडं, त्यात हात कशाचे धू?" मी तिच्यासमोर मोजून दाखवलं. धार बारीक धरली तर एका तांब्यात चार वेळा हात निघतात. पण बारीक धार धरायला परत दुसरं माणूस पाहिजे, आणि तिच्या घरी दुपारी कुणीच नसायचं. तेव्हा पहिल्यांदा मी कॅन बांधला. गोड्या तेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन, बुचाखाली तापलेल्या खिळ्यानं पाडलेलं बारीक भोक, कॅन आडव्या काठीला टांगलेला, तोंडाला दोरी, दोरीच्या खाली आडवी काडी. काडीवर पाय दिला की कॅन वाकतो, धार पडते. पाय काढला की बंद. दोन्ही हात मोकळे. शाळेच्या पोरांना असं करून दिलेलं मी बघितलं होतं, बाळंतिणीसाठी करावं हे तोवर सुचलं नव्हतं. टाक्यांची बाई वाकू नये म्हणून दोरी जरा लांब ठेवली. खाली पडलेलं पाणी कढीपत्त्याला.

असे कॅन मी आजवर बरेच बांधले. काही टिकले, काहींची दोरी शेळ्यांनी खाल्ली, काही घरांत माझ्या भेटीच्या दिवशीच पाणी भरलं जायचं, ते भोकाभोवतीच्या धुळीवरून कळतं. तरी बांधत राहिले. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा सगळं गाव हात धुवायला लागलं, दारोदारी बादल्या आल्या, मला वाटलं आता सांगायची गरजच उरणार नाही. वर्ष-दीड वर्षात बादल्या परत न्हाणीत गेल्या.

एका बाईची गोष्ट सांगायचीच राहिली. ऊसतोडीची. दुसरी खेप, मुलगी, कोजागरीच्या सुमाराला झाली. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, दिवाळी झाली की ट्रॅक्टर निघणार. बाळ २४ दिवसांचं असताना निघणार होती. माझ्या ४ भेटी झाल्या होत्या, २ राहणार होत्या. मी थांब म्हणाले नाही. थांबली असती तर उचल कुणी फेडली असती? फडावर कोपीत राहायचं, पाणी पाटाचं नाहीतर टाकीचं, पहाटे चारला उठून तोडायला जायचं, उसाच्या पाचटानं कापलेले, चिकट हात घेऊन बांधावर झोळीतल्या बाळाला पाजायचं. तिथं कोण आजी आणि कोण तांब्या घेऊन बसणार? मी तिला एक कॅन बांधून दिला आणि साबणाच्या अर्ध्या-अर्ध्या ६ वड्या. पाजायच्या आधी आणि लंगोटानंतर, एवढं दोनच वेळा तरी कर, म्हणाले. धोक्याच्या खुणा तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतल्या. बाळ पीत नाही, अंग गार किंवा तापलेलं, श्वास जोरात, बेंबी ओली, यातलं काही दिसलं की कोयता खाली आणि दवाखाना. नंतर दर आठवड्याला फोन करायची. कधी लागायचा, कधी नाही. एकदा तीच म्हणाली, "ताई, बाजूच्या कोपीतली इचारतीय, असला कॅन कसा बांधायचा. तिचं लेकरू दोन म्हैन्याचं हाय." मी फोनवरच खिळा, भोक, दोरी, काडी असं सगळं सांगितलं.

गुढीपाडव्याच्या आधी त्यांचा ट्रॅक्टर परत आला. मी वेशीपर्यंत गेले. वरून एकेक सामान उतरत होतं, पत्र्याची पेटी, भांडी, कोंबड्यांची पाटी, शेळी. मुलगी कडेवर होती, अंगानं भरलेली, माझ्याकडं टकामका बघत. सगळ्यात शेवटी नवऱ्यानं एक गाठोडं खाली दिलं, त्याला कॅन अडकवलेला होता. बूच हरवलं होतं, तिथं चिंधीचा बोळा कोंबलेला. दोरी बदललेली, उसाच्या मोळीची. काडीवर पाय ठेवून ठेवून मधोमध खळगा पडला होता.